दोष रक्ताचा की घराचा?

शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटरवर नेपरव्हिल नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. वस्ती आज दीड लाखाच्या घरात आहे. १९६६ साली टेलिफोनविषयक संशोधन करणाऱ्या बेल लॅब्ज या संस्थेचे एक मोठे केंद्र तेथे निघाले. पुढच्या काळात भारतातून गेलेल्या अभियंत्यांनी आणि डॉक्टरांनी त्या परिसरात घरे केली. त्यांत मराठी घरेही आहेत. ती मंडळी विमानाने गेली, पदव्या घेऊन गेली. आमचे पूर्वज १८३४ नंतर जहाजाच्या तळाशी बसून, अंगठा उठवून या बेटावर आले. परंतु दोघांच्या शरीरात जे वंशपरंपरेने आले ते एकाच मातीतून आले, आणि म्हणूनच एक प्रश्न दोघांनाही सारखाच पडतो. सर्दी-ताप, फ्लू, कोविड यांसारखे आजार एकाला दोन दिवसांत सोडतात आणि दुसऱ्याला इस्पितळात नेऊन टाकतात. हा फरक रक्तातच असतो काय?

आपल्या घरांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते: "आमच्या घराण्याची छातीच नाजूक." मुलाला दम लागला, आजोबांचा खोकला महिनाभर हटला नाही, की हे वाक्य येते आणि विषय तेथेच मिटतो. याच वाक्याचे दुसरे, अधिक कडू रूप मुलीचे स्थळ पाहताना निघते: "त्या घरात छातीचा विकार आहे, जपून." हे उद्गार कोणी वैऱ्याने काढलेले नसतात. बैठकेत, लग्नमांडवात, चहा पिता पिता ते सहज निघतात आणि एखाद्या घराला पिढीभर चिकटतात. म्हणून यातले शास्त्र किती आणि ऐकीव किती, याचा आज थोडा हिशेब मांडावा असे आम्हांस वाटते.

नेपरव्हिलचाच एक जुना दाखला घेऊ. १९०७ साली तेथे एडवर्ड सॅनेटोरियम या नावाने क्षयरोग्यांसाठी एक आरोग्यधाम उघडले. युडोरा गेलॉर्ड स्पॉल्डिंग या बाईंनी आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ ते बांधले. शिकागोच्या धुराड्या वस्तीतील रोग्याला मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न द्यावे, ही त्यामागची कल्पना होती. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला याच कल्पनेवर क्षयाचे इस्पितळ उभे राहिले, हे सांगली-कोल्हापूरकडील पाहुण्यांकडून आमच्या काही वाचकांनी ऐकले असेल. क्षय हा जिवाणूचा रोग आहे, विषाणूचा नव्हे, हे खरे. पण त्याची कथा आपल्या विषयाला अगदी लागू पडते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला, तोपर्यंत युरोपातील मोठमोठे वैद्यसुद्धा क्षय हा घराण्याचा रोग समजत. एका घरात बाप गेला, मग थोरला मुलगा, मग सून. मग तो रक्ताचाच दोष नाही तर काय? सून त्या रक्ताची नव्हती, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नसे. रोग रक्तातून उतरत नव्हता; तो एका खोलीत, बंद खिडक्यांच्या आत, एका श्वासातून दुसऱ्या श्वासात जात होता. नेपरव्हिलचे ते आरोग्यधाम पुढे १९५५ साली सर्वसाधारण इस्पितळ झाले आणि आजही चालू आहे.

याच भागात आणखी एक घटना घडली. जानेवारी २०२० मध्ये शिकागोची एक स्त्री चीनमधील वुहान शहराहून परतली आणि तिला कोविड असल्याचे आढळले. महिनाअखेरीस तिच्या पतीलाही तो झाला. अमेरिकेत माणसाकडून माणसाला हा रोग लागल्याची ती पहिली नोंद होय. आरोग्य खात्याने दोघांच्या संपर्कातील ३७२ जणांचा शोध घेतला; त्यांपैकी आणखी कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही. दोघेही बरे होऊन घरी गेले. पती-पत्नीचे रक्त एक नसते, घर एक असते. लागण कोणाला होते हे पहिल्या प्रथम घर ठरवते.

मग रक्ताचे काहीच चालत नाही काय? चालते, आणि ते नाकारणेही तितकेच चुकीचे ठरेल. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेल्या आणि लहानपणीच दत्तक गेलेल्या सुमारे ९६० मुलांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. दत्तक मुलाचे रक्त एका घरचे आणि ताटातले अन्न दुसऱ्या घरचे. तेव्हा दोन्हींचा वाटा वेगळा करून पाहण्याची ही उत्तम संधी होती. ज्या मुलांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत कोणत्या ना कोणत्या संसर्गाने वारले होते, त्या मुलांना स्वतःला संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या मानाने जवळजवळ सहापट निघाला. दत्तक घेणारे आईबाप संसर्गाने गेले असले तरी तसा फरक आढळला नाही. या एका अभ्यासाने पुष्कळ डॉक्टरांना विचार करायला लावले.

हे कसे घडत असावे, ते समजण्यासाठी आपल्या परिचयाची उपमा घेऊ. उसाच्या मळ्यात रात्री कोठे ठिणगी पडली, तर तीन गोष्टी वेळेवर घडाव्या लागतात. राखणदाराला धूर दिसला पाहिजे. त्याने हाक मारली पाहिजे. आणि ती हाक वस्तीतल्या माणसांच्या कानांवर पडली पाहिजे. शरीराचेही तसेच आहे. नाकाच्या, घशाच्या आणि फुप्फुसांच्या पेशींत विषाणू शिरला की काही प्रथिने त्याचे अस्तित्व ओळखतात, हे राखणदार. ओळख पटताच पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडते, ही हाक. शेजारच्या पेशींवर ती हाक ऐकणारे ग्राहक असतात, हे कान. मग त्या पेशी आपली दारे लावून घेतात आणि आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे करण्याची तयारी करतात. राखणदार, हाक आणि कान या तिन्हींचे आराखडे जनुकांत लिहिलेले असतात, आणि ही जनुके आईबापांकडून मिळतात. कोठेतरी एखादे अक्षर चुकलेले असले, तर राखणदार पेंगतो किंवा कान बहिरा होतो.

विषाणूही काही भोळा नाही. नेपरव्हिल ज्या ड्यूपेज जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात आर्गॉन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे सुमारे अकराशे मीटर घेराचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या अतितीव्र क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांची रचना अणू-अणूपर्यंत पाहता येते. २०२० च्या मार्चच्या आरंभी तेथील शास्त्रज्ञांनी कोविडच्या विषाणूतील एनएसपी-१५ या प्रथिनाचा नकाशा प्रसिद्ध केला. हे प्रथिन काय करते, त्याचा सुगावा त्याच परगण्यातील लोयोला विद्यापीठात सुझन बेकर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या एका करोना विषाणूवर काम करून २०१७ सालीच लावला होता. विषाणूच्या ज्या खुणांवरून राखणदाराला त्याची ओळख पटते, त्या खुणाच हे प्रथिन छाटून टाकते. चोराने अंधारात कंदील विझवून यावे, तसा हा प्रकार. आता राखणदाराची नजर मुळातच अधू असली आणि चोरही कंदील विझवून आला, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

असे खरोखर घडल्याची उदाहरणे आहेत. २०२० साली नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील भावाभावांच्या दोन जोड्या कोविडने अत्यवस्थ झाल्या. चौघेही तरुण, पूर्वी धडधाकट. चौघांनाही कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले आणि त्यांपैकी एक दगावला. शोध घेतल्यावर टीएलआर-७ नावाच्या राखणदार-जनुकात दोष सापडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला एक्स एकच आणि तोही आईकडून मिळतो. स्त्रीला दोन असतात, म्हणून तिचे एक बिघडले तरी दुसरे काम भागवते. नंतरच्या संशोधनात असे दिसले की कोविडने गंभीर झालेल्या साठ वर्षांखालील पुरुषांपैकी शंभरात सुमारे एकाला हा दोष असतो.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "आईकडून आले" हे शब्द आपल्या समाजात कोणाच्या तोंडी कसे पडतील, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. नातवाला न्यूमोनिया झाला की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या सासवा अजून संपलेल्या नाहीत. तिच्या अंगी तो दोष असलाच, तर तो तिलाही कोणाकडून तरी मिळालेला असतो. तिने तो निवडून आणलेला नसतो. आणि ज्यात आई व बाप दोघांचाही सारखाच वाटा असतो असे दोष पुष्कळ आहेत. फ्रान्समधील अडीच वर्षांच्या एका मुलीला साध्या फ्लूने मरणाच्या दारी नेले होते. २०१५ साली तिच्या आजाराचे कारण कळले: आयआरएफ-७ हे जनुक. त्याची एक सदोष प्रत आईकडून आली होती, दुसरी वडिलांकडून. दोघेही आईबाप मात्र ठणठणीत. या मुलीची पुढची हकीकत तर फारच बोलकी आहे. सात वर्षांची होईपर्यंत तिला तसा गंभीर आजार पुन्हा झाला नाही, आणि तिच्यासाठी केलेला विशेष उपाय एकच होता, दरवर्षी फ्लूची लस. राखणदार जन्मतःच अधू असताही लशीने दुसऱ्या वाटेने पहारा उभा केला. रक्तातले लिहिलेले पुसता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी या मुलीची गोष्ट लक्षात ठेवावी.

दोन्ही प्रती सदोष असण्याचा प्रसंग कोठे जास्त येतो? जेथे माणसे थोडी आणि लग्ने आपसांत, तेथे. सामोआ व आसपासच्या पॅसिफिक बेटांवर इंटरफेरॉनची हाक ऐकणारा 'कान' बिघडवणारा एक जनुकदोष इतरत्रच्या मानाने पुष्कळ अधिक आढळतो, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. थोड्या होड्यांतून आलेल्या थोड्या पूर्वजांपैकी कोणाकडे तरी तो असणार. पुढे तेवढ्यातच लग्ने होत गेली आणि तो पसरला. ज्या मुलांना त्याच्या दोन्ही प्रती मिळाल्या, त्यांना विषाणूंचे आजार अतिशय जड गेले. आम्हीही बेटवासीच. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या पूर्वजांनी देशावरून आणि कोकणातून सोबत आणली होती. ती येथे बरीच मागे पडली, हे ठीकच झाले. ज्या घरांत ती अजून आहे, त्यांनी निदान डॉक्टरांना हे नाते सांगण्यात संकोच करू नये.

आता ज्या बातमीमुळे नेपरव्हिलपासून लंडनपर्यंत भारतीय घरांतून खळबळ झाली, तिच्याकडे वळू. २०२० साली ह्युगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो या शास्त्रज्ञांनी असे दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील एक विशिष्ट तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांना कोविड अधिक जड जातो, आणि हा तुकडा सुमारे पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी निअँडरथल नावाच्या नष्ट झालेल्या मानवजातीकडून आपल्याकडे आला आहे. (पाबो यांना पुढे २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे या तुकड्याची किमान एक प्रत आहे, बांगलादेशात तर शंभरात ६३ जणांकडे, युरोपात अवघ्या १६ जणांकडे. २०२१ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातील एलझेडटीएफएल-१ या जनुकावर बोट ठेवले, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या ६० टक्के लोकांत असलेला हा भेद फुप्फुसे निकामी होण्याचा धोका दुप्पट करतो असे सांगितले. त्याआधीच ब्रिटनमधील बांगलादेशी वंशाच्या लोकांत कोविडचे मृत्यू गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे प्रसिद्ध झाले होते. झाले! वृत्तपत्रांनी दोन्ही जोडली, आणि "भारतीयांचे रक्तच असे" हा निष्कर्ष घरोघर पोहोचला.

या घाईघाईच्या निष्कर्षाला भारतातूनच उत्तर आले. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि बनारस हिंदू विद्यापीठातील ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने दक्षिण आशियातील निरनिराळ्या लोकसमूहांत हा तुकडा किती आढळतो आणि तेथे कोविडची लागण व मृत्यू किती झाले, हे ताडून पाहिले. २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला: दोन्हींचा संबंध दिसत नाही. जेथे तुकडा जास्त तेथे मृत्यू जास्त, असे चित्र निघत नाही. ही तुलना समूहासमूहांची होती, एकेका रुग्णाची नव्हती. तेव्हा ऑक्सफर्डचे काम तिने खोटे पाडले असे कोणी समजू नये. पण एका खंडातील माणसांवर केलेले गणित दुसऱ्या खंडातील माणसांना जसेच्या तसे लावता येत नाही, एवढे तिने पक्के दाखवले. आम्हांस विशेष समाधान याचे की आपल्या रक्ताविषयीचा हा प्रश्न आपल्याच लोकांनी आकडे हाती घेऊन तपासला.

निअँडरथलांनीही आपल्याला केवळ कर्जच ठेवले असे नाही. बाराव्या गुणसूत्रावरील त्यांचाच दुसरा एक तुकडा, ज्यात विषाणूचे तुकडे करणारे ओएएस-१ हे जनुक येते, अतिदक्षता विभागात जाण्याची पाळी सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. इतकेच नव्हे, तिसऱ्या गुणसूत्रावरील तो बदनाम तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांना एड्सच्या विषाणूची लागण होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो, असे झेबर्ग यांनीच २०२२ साली दाखवले. जो वारसा एका साथीत तोट्याचा, तोच दुसरीत नफ्याचा. 'चांगले रक्त' आणि 'वाईट रक्त' असे दोन ढीग करू पाहणाऱ्यांचे येथे काहीच चालत नाही.

आणि या ढिगांचा मोह किती जुना, ते पाहायचे तर १९१८ ची मुंबई पाहावी. त्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत त्याने कहर केला. आरोग्याधिकारी टर्नर यांच्या खात्याने मृत्यूंची जातवार नोंद ठेवली होती. फ्लूने दर हजारी मेले ते असे: ज्यांना त्या काळी खालच्या जातीचे म्हटले जाई त्या हिंदूंत ६१.६, इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९.०, युरोपियनांत ८.३. हे आकडे वाचताना घाई करू नये. पारशी आणि युरोपियन यांचे रक्त वेगळे, पण मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे. कारण दोघांचीही घरे मोठी, खिडक्या मोठ्या, ताटे भरलेली आणि शुश्रूषेला माणसे. उलट त्याच गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे हिंदू. एकाच कोकणातून, एकाच देशावरून आलेले. आणि त्यांच्यात तिपटीचे अंतर. एका खोलीत दहा माणसे, महाग झालेले धान्य, तापातही न चुकणारी मजुरी, आणि पाणी देणारा कोणी नाही. जातीवर मरण लिहिलेले होते, पण ते जनुकांनी लिहिलेले नव्हते.

डेन्मार्कची दत्तक मुले आणि मुंबईचे हे आकडे एकमेकांविरुद्ध बोलतात असे वाटेल. तसे ते नाही. एका माणसात आणि दुसऱ्या माणसात रक्ताने फरक पडतो. कित्येकदा जिवावर बेतेल इतका पडतो. पण एका जमातीत आणि दुसऱ्या जमातीत मरणाचे जे अंतर दिसते ते बहुतांशी घराचे, ताटाचे आणि औषधाचे असते. या दोन गोष्टींची गल्लत केली की एकीकडे अख्ख्या समाजावर शिक्का बसतो आणि दुसरीकडे ज्या एका मुलाला खरोखर तपासणीची गरज असते, ते "घराण्याची छाती" म्हणून तसेच राहून जाते.

आपल्या मॉरिशसचाच अनुभव पाहा. १८ मार्च २०२० रोजी येथे कोविडचे पहिले तीन रुग्ण आढळले; लगेच टाळेबंदी झाली, सीमा बंद झाल्या आणि आपण त्या वर्षी पुष्कळ वाचलो. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये रोग पुन्हा आला तेव्हा डायलिसिसवर असलेले कित्येक रुग्ण दगावले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सीमा पूर्ण उघडल्यावर तर मोठी लाट आली. आमच्या ओळखीच्या घरांतून जी माणसे त्या वेळी गेली, त्यांतील बहुतेकांना मधुमेह होता, रक्तदाब होता, मूत्रपिंडे थकली होती. येथे दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. मधुमेह्याला फ्लू काय, कोविड काय, अधिक जड जातो. त्यासाठी निअँडरथलांना शोधायला जाण्याचे कारण नाही. मधुमेहातही वारशाचा वाटा आहे, मान्य. पण १९८७ नंतर सरकारने रेशनच्या तेलात पामतेल काढून बहुतांशी सोयाबीनचे तेल घातले, आणि १९९२ च्या पाहणीत बेटावरील लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी ५.५ वरून ४.७ वर आलेली दिसली. पाच वर्षांत कोणाची जनुके बदलली नाहीत. कढईतले तेल बदलले.

जनुकांच्या अभ्यासाचा खरा उपयोग औषधासाठी आहे. ब्रिटनमधील २०८ अतिदक्षता विभागांतील रुग्णांची जनुके तपासून एडिंबरोच्या केनेथ बेली यांच्या गटाने २०२० च्या डिसेंबरात काही जनुकांकडे लक्ष वेधले; त्यांत दाह भडकवणारे टीवायके-२ हे एक होते. त्या धाग्याने बळ मिळून बॅरिसिटिनिब या संधिवाताच्या औषधाची मोठी चाचणी झाली, आणि मार्च २०२२ मध्ये निकाल आला की इस्पितळातील कोविड रुग्णांचे मृत्यू त्याने १३ टक्क्यांनी घटतात. हे औषध देताना रुग्णाची जात विचारावी लागत नाही. ऑक्सफर्डच्या ज्या शोधाने घबराट झाली त्याचाही एक भाग फारसा कोणी छापला नाही: तो भेद फुप्फुसांच्या अस्तरातील पेशींत काम करतो, रोगप्रतिकारक पेशींत नव्हे. म्हणून ज्यांच्याकडे तो आहे त्यांनाही लशीचा फायदा होणार, असे त्या शास्त्रज्ञांनी त्याच वेळी सांगितले होते.

अमेरिकेत आता नळीत थुंकी घालून टपालाने पाठवली की कोणत्याही घराला आपल्या जनुकांचा कागद मिळू शकतो. नेपरव्हिलच्या पाहुण्यांकडून तशी नळी भेट आली, तर आमची सूचना आहे की जरा दमाने घ्यावे. या धंद्यातील सर्वांत नावाजलेल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळे जाहीर केले, तेव्हा दीड कोटी ग्राहकांच्या जनुकांची माहिती कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न कोर्टात गेला. नेपरव्हिल ज्या इलिनॉय राज्यात आहे तेथे जनुकीय माहितीच्या गुप्ततेचा कायदा १९९८ पासून आहे. अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्यविमा व नोकरी यांत जनुकांवरून भेदभाव करू देत नाही, पण आयुर्विमा त्याच्या बाहेरच राहिला. एवढा विचार करून ज्यांनी कायदे केले तेथेही ही स्थिती. आणि फ्लू आपल्याला किती जड जाईल हे असल्या कागदावरून सांगता येत नाही ते नाहीच.

त्यापेक्षा एक वही करावी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदी आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जात, क्रमांक, पुष्कळांची छायाचित्रेही. कोण कशाने वारले, याची माहिती मात्र घरातल्या वृद्धांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबर जात आहे. आजीजवळ बसून लिहून घ्यावे: कोण, कोणत्या वयात, कोणत्या आजाराने गेले, त्यांचे आईबाप एकमेकांच्या नात्यात होते काय, मधुमेह कोणाला, दमा कोणाला. पन्नाशीच्या आत ताप-खोकल्याने गेलेले कोणी असल्यास ते नाव अधोरेखित करावे. आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला किंवा धडधाकट तरुणाला साध्या सर्दीने वा फ्लूने अतिदक्षता विभागात नेले असेल, एका आईच्या दोन मुलांचे तसे झाले असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि तपासणीची गरज आहे काय, असे स्पष्ट विचारावे. बाकीच्यांसाठी हिवाळ्याच्या तोंडाशी सरकारी आरोग्यकेंद्रांत वृद्धांना आणि जुनाट आजार असलेल्यांना फ्लूची लस मोफत मिळते. ती घेण्यास वही लागत नाही, ओळखपत्र पुरते.